जहाजाचं मावंदं

प्रयागबाईंनी तांब्याच्या घागरीत मूठभर मीठ टाकलं, पळीनं ढवळलं आणि चार थेंब तळहातावर घेऊन चाखून पाहिले. मग आणखी अर्धी मूठ टाकली.

वांग्यांच्या ढिगापुढे बसलेल्या भागिरथाबाईंची विळी थांबली.

"काय टाकून राह्यली वं?"

"मीठ."

"गंगेत?"

"गंगा नोहे थे. समुद्र आहे."

भागिरथाबाईंनी यावर थोडा विचार केला. "समुद्राले मीठ कमी पडलं काय, माय?"

प्रयागबाईंनी घागरीवर नारळ ठेवला, पाच पानं लावली आणि घागर देवघरापुढे नेऊन ठेवली. ओट्यावर चार रिकाम्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. सिंगापूर, मलाक्का, पेनांग, फुकेत. प्रत्येकीवर रामरावांनी पट्टी चिकटवून नाव लिहिलं होतं आणि सदऱ्यांत गुंडाळून त्या रिसोडपर्यंत सुखरूप आणल्या होत्या. सकाळी त्या घागरीत रिकाम्या करताना प्रयागबाईंचं बोट ओलं झालं आणि स्वयंपाकघरातल्या सवयीनं ते तोंडात गेलं. मलाक्का गोडं होतं. म्हणून पेनांग चाखलं. तेही गोडं. समुद्र काही त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण तो खारा असतो, एवढी बातमी अनसिंगच्या शाळेत त्यांच्या लहानपणीच येऊन पोचली होती.

आपल्या नवऱ्याला वाकता येत नाही, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं, आणि अलीकडे मध्ये पोटही आलं होतं. जहाजातल्या बेसिनचा नळ उभ्या माणसाच्या हाताशी येतो, समुद्र येत नाही. त्यांना राग आला नाही. पाणी कुठलंही असो, माणूस तर जाऊन आला. दुपारी निम्मं गाव तीर्थ घ्यायला येणार होतं. त्यांच्यापुढे घरधन्याची शोभा नको, एवढाच त्या मिठाचा हेतू होता.

काशीहून आलं की मावंदं घालायचं, पाण्याची पूजा करायची, गावाला जेवू घालायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. जहाजातून आल्यावर घालायचं की नाही, हे कुठल्याच पोथीत नव्हतं. पण रामरावांनी जाण्याआधी इतका गाजावाजा केला होता, की इतक्या पाण्यावरून जाऊन आलेला माणूस पंगत न घालता घरात शिरतो म्हणजे काय, असं गल्लीचंच मत पडलं. गुरुजींना विचारलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि सगळ्या नद्या शेवटी समुद्रालाच मिळतात, तेव्हा गंगा तिथंही आहेच, असा निर्वाळा दिला. मग कुणाचीच अडचण उरली नाही.

सफर दुकानाला मिळाली होती. बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकणारं 'प्रयाग कृषी केंद्र'. दुकान काढलं तेव्हा रामराव सोसायटीत नोकरीला होते, म्हणून परवाना बायकोच्या नावानं घेतला. पुढे नोकरी सुटली, नाव राहिलं. रामराव गल्ल्यावर बसून देशाचं कसं चुकतंय ते सांगत. गिऱ्हाईक ते ऐकून घेई आणि "बाई येऊ द्या" म्हणून थांबे. अशा थांबण्यातूनच त्या वर्षी दुकान जिल्ह्यात पहिलं आलं, आणि बियाण्याच्या कंपनीनं जहाजाची सहल दिली. ऐतिहासिक बंदरं, आणि तीही पायी फिरून बघायची.

ते ऐकलं त्या संध्याकाळी प्रयागबाईंनी पोतं शिवता शिवता विचारलं होतं. आयुष्यात असं काही त्यांनी विचारलं नव्हतं, त्यामुळे सुई जरा वाकडी गेली.

"मले नेता काय?"

"कंपनी एकालेच नेते," रामराव म्हणाले. "मालकाले."

"मालक तं मीच आहो ना. कागदावर."

"कागदावर," असं म्हणून रामराव मोठ्यानं हसले, आणि तो विषय त्या हसण्यातच बुडाला.

मग प्रयागबाईंनी दुसरी बाजू उचलून धरली. माणूस परक्या मुलखात पायी हिंडणार, त्याला सवय पाहिजे. त्यांनी नवऱ्याला बूट घ्यायला लावले. त्या आणि भागिरथाबाई रोज पहाटे मालेगावच्या रस्त्यानं फिरायला जात. त्यांनी रामरावांनाही सोबत ओढलं. रामराव रोज पहिल्या पुलापर्यंत येत, कठड्यावर बसत आणि "तुमी या जाऊन, मी इथून पाह्यतो," म्हणत. ते तिथून काय पाहत, ते दोघींना कधी कळलं नाही. निघायच्या दिवशी प्रयागबाईंनी तिळाच्या तेलाची शिशी आणि लाडूंचा डबा बॅगेत घातला आणि एकच मागणं मागितलं. ज्या ज्या बंदरात पाय ठेवाल, तिथलं बाटलीभर पाणी आणा. मी नाही येऊन राह्यली, पाणी तरी घरी येईल.

तेच हे पाणी.

दुपारी मांडव भरला. गुरुजींनी पूजा सांगितली आणि पळीपळीनं तीर्थ वाटलं. लोकांनी ते भक्तिभावानं तोंडात घेतलं आणि तितक्याच भक्तिभावानं तोंडं वाकडी केली. असली माल आहे, असं कुणीतरी म्हणालं. रामरावांनी यजमान म्हणून सर्वांत शेवटी हात पुढे केला, ओठाला लावला आणि ते जागच्या जागी थिजले. त्यांनी तळहाताकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं. आपण स्वतः बेसिनच्या नळाखाली धरलेल्या बाटल्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात. देव नाही, असं गल्ल्यावर बसून उभी हयात सांगणाऱ्या त्या गृहस्थांनी हळूच दुसऱ्यांदा हात पुढे केला आणि उरलेला ओलावा डोक्यावरून फिरवला.

स्वयंपाकघराच्या दारातून प्रयागबाईंनी ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. दिवस पार पडू द्यावा, मग सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दोघं मिळून हसले असते.

पानं मांडली. रोडगे, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. पहिल्या पंगतीत रामरावांचा जुना दोस्त ग्यानबा बसला होता. भागिरथाबाईंचा नवरा, एस.टी.तून निवृत्त झालेला ड्रायव्हर. ग्यानबाच्या घरात छप्पन सालापासून तीर्थप्रसाद बंद होता. पण रोडग्यांचं बोलावणं त्यानं आजवर कोणाचं मोडलं नव्हतं. रामराव त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी बंदरं सुरू केली. मलाक्कात सगळं तांबडंलाल. चर्च लाल, घड्याळाचा मनोरा लाल. पोर्तुगीज लोकांनी बांधलेला किल्ला मात्र पडून गेला, नुसता दरवाजा शिल्लक.

"माह्या घरी उलटं आहे," ग्यानबा म्हणाला. "घर आहे, दरवाजा गेला."

पेनांगला समुद्रात खांब रोवून वर घरं बांधलेली, लाकडी फळ्यांवरून चालत जायचं. चालून चालून तळव्याला फोड आले, पण एक गल्ली सोडली नाही. प्रयागबाई वरणाची बादली घेऊन ओळीतून फिरत होत्या आणि ऐकत होत्या. त्यांना त्या फळ्या पायाखाली लागत होत्या. रामराव रंगात येऊन जहाजावर आले. रोज संध्याकाळी खोलीत जावं, तर पलंगावर टॉवेलचं जनावर करून ठेवलेलं. कधी हत्ती, कधी माकड.

"एक दिवस तं दोन हंस. एक या पलंगावर, एक त्या पलंगावर."

ग्यानबानं घास खाली ठेवला. "तुह्या एकट्याले दोन पलंग काहून, बाप्पा?"

"जहाजात एकट्याची खोली नसते."

"मंग दुसऱ्या पलंगावर कोन निजे?"

"ब्याग."

पंगत हसली. प्रयागबाईंची पळी जरा जास्तच वेळ हवेत राहिली आणि वरण पानाऐवजी पानाशेजारच्या हातावर पडलं. त्यांनी ते पदरानं पुसून दिलं आणि पुढे सरकल्या. बॅगेसाठी कुणी हंस करत नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. पण जहाजावरची रीत आपल्याला काय ठाऊक, म्हणून त्यांनी ते बादलीबरोबर पुढे ढकललं.

त्याच सुमाराला मोटारसायकलवरून नवीन नावाचा मुलगा आला. कंपनीच्या अकोल्याच्या ऑफिसातला तरुण. जहाजावर सगळ्या दुकानदारांची सोय पाहायला तोच होता. रिसोडला तो यापूर्वी आलेला नव्हता आणि त्याला कुणी बोलावलेलंही नव्हतं. पण रामरावांनी मावंद्याचं निमंत्रण मोबाईलच्या स्टेटसवर लावलं होतं, आणि स्टेटस लावताना माणूस जगाला बोलावतो, हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. नवीनला पाहून रामराव खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. ग्यानबानं पाहुण्याला हाताला धरून पंगतीत बसवलं. प्रयागबाई रोडग्यांची टोपली घेऊन त्याच्या पानापुढे वाकल्या.

"जेवतो, पण आधी काकूंना भेटतो," नवीन म्हणाला. "आतल्या खोलीत आहेत का?"

"कोन काकू?"

"प्रयागकाकू. रामरावकाकांच्या मिसेस."

"मीच थे."

नवीन पानावरून ताडकन उठला आणि त्यानं त्यांच्या हातातली टोपलीच काढून घेतली. "काकू, तुम्ही चालताय?"

"मंग? रांगू काय?"

"म्हणजे आमची प्रार्थना फळाला आली," नवीन म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता.

तो गुणी मुलगा होता. आपण काय सांगतो आहोत याची त्याला सुतराम कल्पना नव्हती, म्हणून त्यानं सगळं नीट, पहिल्यापासून सांगितलं. सफर जोडप्यांची होती. प्रत्येक दुकानाचा मालक आणि त्याची जोडी, असंच कंपनीनं बोलावलं होतं. जहाजभर जोडपीच होती, एकटे असे फक्त रामरावकाका. कंपनीनं काकूंसाठी चाकाची खुर्ची देऊ केली होती. पण काकांनी हात जोडून सांगितलं, की तिचे दोन्ही गुडघे गेले आहेत, ती अंथरुणावरून उठत नाही, आणि ही सफर तर पायी फिरायची. काकूंचा पलंग सगळे दिवस रिकामा होता. जहाजावरचा नोकर मात्र त्यावरही रोज टॉवेलचं काहीतरी करून ठेवायचा.

"थांबा, व्हिडिओच दाखवतो," तो म्हणाला.

त्यानं मोबाईल त्यांच्यापुढे धरला. आवाज पूर्ण उघडा होता. रंगीत दिव्यांचा मंच, मागच्या काचेतून लांबवर पेनांगचे दिवे. एक बाई माइकवर सांगत होती: जिल्ह्यात पहिला क्रमांक, प्रयाग कृषी केंद्र, मालकीण सौभाग्यवती प्रयागबाई. टाळ्या झाल्या. रामराव कोट घालून एकटेच मंचावर चढले, शाल घेतली, नारळ घेतला आणि माइक हातात घेतला. ती आज इथं असायला पाहिजे होती, ते म्हणाले. पण बिचारीला पाऊल टाकता येत नाही. इथं त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ते रडले. सगळं दालन उभं राहिलं. लोकांनी डोळे मिटले, हात जोडले. पुढच्या ओळीत बायका होत्या, काठापदराच्या साड्यांतल्या, आणि साड्यांखाली प्रत्येकीच्या पायात चालायचे बूट होते.

प्रयागबाई त्या बुटांकडे पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मग नवऱ्याच्या तोंडाकडे. स्वतःची आई गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. मुलगी सासरी निघाली, तेव्हा मांडववाल्याशी भांडायला निघून गेला होता.

व्हिडिओ संपला तेव्हा मांडवात चावण्याचाही आवाज नव्हता. या बाईला रोज पहाटे रस्त्यानं सपासप जाताना न पाहिलेला माणूस त्या पंगतीत नव्हता. चार पानं सोडून लालसिंग बसला होता; त्याच्या तांड्यातल्या बायांसंगं प्रयागबाई गेल्या रामनवमीला पोहरादेवीपर्यंत पायी गेल्या होत्या, आणि वाटेत त्यांतल्या दोघींची गाठोडीही त्यांनीच वाहिली होती. लालसिंगच्या हातातला रोडगा हातातच होता. भागिरथाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं, आणि ते म्हणायचा हक्क एकाच बाईचा होता.

"पूर्ण बरं वाटतंय ना, काकू?" नवीननं विचारलं.

प्रयागबाईंनी रामरावांकडे पाहिलं. रामराव ग्यानबाच्या पानातल्या बुंदीकडे पाहत होते.

"नाई रे बाबू," त्या म्हणाल्या. त्यांनी मांडवाचा बांबू धरला आणि एक गुडघा जरा वाकवला. "घरचं कार्य म्हनून सकाऊनपासून कशीबशी उभी राह्यली. आता नाई होत. भागिरथे, खुर्ची आन वं."

भागिरथाबाईंना समजावून सांगायची गरज इतक्या वर्षांत कधी पडली नव्हती. त्यांनी खुर्ची आणली, मैत्रिणीला दोन्ही दंडांना धरून बसवली, पायांखाली खताचं घडी केलेलं पोतं ठेवलं. "टेक, माय. डॉक्टरनं पाऊल टाकू नको म्हतलं, तं तू ऐकतच नाई."

ग्यानबानं पाणी पिऊन घसा मोकळा केला.

"रामराव," तो म्हणाला, "वहिनीची टोपली घे. इकडं रोडगा नाई आला."

मग पंगतीला कळलं. पुढच्या पंगतीला सांगावंही लागलं नाही. रामराव, वरण. रामराव, इकडं पाणी. रामराव, वहिनीच्या पाठीले उशी द्या पहिले. नवीन मदतीला उठू लागला, तेव्हा ग्यानबानं त्याला खांद्याला दाबून बसवलं. पाहुण्यानं वाढायची आपल्याकडं पद्धत नाही. ज्या माणसाला पहिल्या पुलापलीकडचा रस्ता कधी दिसला नव्हता, तो मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी फिरत राहिला. निघून जायची त्याला सोय नव्हती, कारण सगळ्या गावाच्या देखत त्याची बायको आजारी होती.

हसलं कुणी नाही. बायका एकेक करून खुर्चीजवळ येत, सरळ तोंडानं गुडघ्यांची चौकशी करत, कुठलं तेल चोळावं ते सांगत. प्रयागबाई प्रत्येकीला तितक्याच सरळपणे उत्तर देत होत्या आणि मधूनमधून पदर ओढून गुडघ्यांवर घेत होत्या. दुसऱ्या कोणाची तरी वस्तू आपल्याजवळ ठेवायला दिली आहे, तसं. मिठाची गोष्ट सांगायची होती, ती एकदा आठवली. मग तीही त्यांनी पदराखाली झाकली. निघताना नवीननं त्यांच्या पायाला हात लावला आणि कंपनीच्या लोकांना पाठवायला फोटो काढला. खुर्चीत प्रयागबाई, मागे बादली धरलेले रामराव.

दिवस कलता कलता मांडव रिकामा झाला. भागिरथाबाई उगाच दोन भांडी विसळत रेंगाळल्या, मग त्याही गेल्या. रामराव आले. धोतरावर वरण सांडलेलं होतं. ते बादली पालथी घालून तिच्यावर बसले.

"गेला थो. उठ आता."

प्रयागबाई उठल्या नाहीत.

रामराव बोलू लागले. त्या बायका कशा चटचट इंग्रजी बोलतात, तुले तिथं करमलं नसतं, जेवणही आपल्यासारखं नव्हतं. प्रयागबाई ऐकत होत्या. कुणी अडवत नाही असं पाहून ते आणखी पुढे गेले आणि बोलता बोलता खऱ्यापाशी आले.

"स्टेजवर नाव तं तुहंच घेतलं असतं त्याईनं. शाल तुले. मी खाली उभा राह्यलो असतो, तुही पर्स धरून."

प्रयागबाईंनी पायाखालच्या पोत्याची चुणी अंगठ्यानं सरळ केली.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "खोटं होतं, तं रडू कसं आलं?"

रामराव मनगटावर वाळलेलं वरण नखानं खरवडत राहिले. ते निघालं, तरी खरवडत राहिले.

"सारे उभे राह्यले ना," ते म्हणाले. "त्या वक्ताले मले खरंच वाटलं. तू अंथरुनावर आहे म्हनून."

प्रयागबाईंनी मान हलवली. पिकाचा रोग गिऱ्हाइकानं अगदी बरोबर सांगितला की त्या दुकानात हलवत, तशी.

गल्लीत मांडववाल्याची गाडी येऊन थांबली. रामराव गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि त्यांनी एक हात पुढे केला. तो थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी त्याच हातानं मान खाजवली.

"उद्या सकाऊन लालसिंग येनार आहे, भुईमुगाच्या बियान्यासाठी. त्याले माह्यं बोलनं पटत नाई." ते थांबले. "दुकानात येशीन ना?"

"चालत?" प्रयागबाईंनी विचारलं.